कॅमेऱ्यातून मिलिमीटर कसे काढायचे : कॅलिब्रेशन, अगदी पहिल्यापासून

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या शेडमध्ये दर उन्हाळ्यात दोन-तीन मुलं ट्रेनिंगला येतात. बहुतेक कलाभवनातली असतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं, दादासाहेब फाळके जिथे शिकले ते कलाभवन. आता तिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. मुलं हुशार असतात, पायथन येत असतं, आणि आठवड्याभरात प्रत्येकाचा एकच प्रश्न येतो : "सर, कॅमेरा लावला, फोटो आला, भोकंही सापडली. आता पिक्सेलचे मिलिमीटर कसे करायचे?"

प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा आधीच एक उत्तर करून पाहिलेलं असतं. स्टीलची पट्टी कॅमेऱ्याखाली ठेवायची, १०० मिमीत किती पिक्सेल बसतात ते मोजायचं आणि भागाकार करायचा. ढोबळ कामाला हे पुरतं. पण ड्रॉइंगवर ±०.२ मिमी लिहिलेलं असेल तर या भागाकारावर जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, पास-नापास करू नका. का, ते पुढे येईलच. प्रत्येक वेळी तोंडी सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवतोय.

उदाहरण एकच धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. ६ मिमी जाडीची लोखंडी प्लेट, चार भोकं, लांबीच्या बाजूने दोन भोकांच्या केंद्रांत १२० मिमी आणि रुंदीत ७० मिमी. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±०.२. मोजमापाचा जुना दंडक असा की मोजणाऱ्या साधनाची चूक टॉलरन्सच्या दहाव्या भागात बसावी. एकूण पट्टा ०.४ मिमीचा, म्हणजे आपल्याला ०.०४ मिमीपर्यंत विश्वासाने मोजता आलं पाहिजे.

आधी कागदावर हिशोब

कॅमेरा हातात घेण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन घ्या. आमच्या स्टँडवर सोनीच्या आयएमएक्स २७३ सेन्सरचा कॅमेरा आहे : १४४० × १०८० पिक्सेल, एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा, ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारं). लेन्स १२ मिमी फोकल लेंग्थची. लेन्सपासून जॉबच्या वरच्या पृष्ठापर्यंत ५०० मिमी.

जॉबवरचा एक पिक्सेल किती मिमीचा? ३.४५ मायक्रॉनला (५०० − १२) ने गुणा आणि १२ ने भागा. साधारण ०.१४ मिमी येतं. म्हणजे चित्रात २०२ × १५१ मिमीचं क्षेत्र दिसतं आणि आपली प्लेट त्यात बसते.

इथे नवखा माणूस घाबरतो : एक पिक्सेल ०.१४ चा आणि मोजायचं ०.०४? घाबरू नका. भोकाच्या कडेवर शेकडो बिंदू मिळतात, प्रत्येक बिंदू पिक्सेलच्या अंशापर्यंत काढता येतो आणि त्या सगळ्यांमधून वर्तुळ बसवलं की केंद्र पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत सहज स्थिर राहतं. पण हे केंद्र नुसतं स्थिर असून भागत नाही, ते खरंही असलं पाहिजे. कॅलिब्रेशन, म्हणजे माप माहीत असलेल्या नमुन्यावरून कॅमेऱ्याचे आकडे काढणं, त्यासाठीच करायचं.

याच कागदावर आणखी एक आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १२ मिमीला ३.४५ मायक्रॉनने भागलं की ३४७८ येतात. ही पिक्सेलमधली फोकल लेंग्थ. लेन्स जवळ फोकस केली की प्रतिमा थोडी मागे पडते. ५०० मिमीसाठी ही वाढ सुमारे अडीच टक्के, म्हणून कॅलिब्रेशनमधून ३५६० च्या आसपास आकडा यायला हवा. ४१०० आला तर कुठेतरी घोटाळा आहे, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. तुमचा कागद सांगेल.

हलणारं सगळं बंद करा

कॅलिब्रेशन कॅमेऱ्याचं नसतं. कॅमेरा, लेन्स, फोकसची रिंग, अ‍ॅपर्चरची रिंग, स्टँडची उंची या सगळ्यांचं मिळून असतं. त्यातलं एक जरी हललं तरी काढलेले आकडे त्या दिवसापुरतेच होते असं समजायचं. म्हणून पहिलं काम घट्ट करण्याचं.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ ८ वर ठेवा. त्याने ५०० मिमीच्या अलीकडे-पलीकडे साधारण ४५५ ते ५५० मिमीपर्यंतचं स्पष्ट दिसतं, आणि पुढे कॅलिब्रेशनचा चौकटींचा पट तिरका धरायचाय तेव्हा ही खोली लागणार आहे. जास्त खोली मिळते म्हणून एफ १६ वर जाऊ नका. तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने प्रत्येक बिंदू पाच-सहा पिक्सेलभर पसरतो आणि कडा मऊ होतात. फोकस जॉबच्या वरच्या पृष्ठावर करा, टेबलावर नाही. लेन्सचे दोन्ही लॉक स्क्रू आवळा आणि रिंग व बॉडी यांच्यामध्ये नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. रिंग फिरली तर ठिपका तुटलेला दिसतो. आमच्या सगळ्या लेन्सवर असा लाल ठिपका आहे आणि रोज सकाळी पहिली नजर त्याच्यावरच जाते.

स्टँडचा खांब जाड हवा. तो १ मिमी खाली घसरला तर १२० मिमीच्या मापात ०.२४ मिमीचा फरक पडतो. म्हणजे एकट्या त्या घसरण्याने अख्खा टॉलरन्स संपला. शेजारी पॉवर प्रेस चालत असेल तर स्टँडच्या पायाखाली रबर द्या आणि क्लॅम्पच्या खाली खांबावर एक स्टॉप कॉलर (घट्ट आवळायचं कडं) बसवा, म्हणजे घसरायला जागाच उरत नाही.

प्रकाशाबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. एक्सपोजर १० किंवा २० मिलिसेकंद ठेवला तर प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. दुसरं, पश्चिमेच्या खिडकीवर पडदा लावा. आमच्या शेडमध्ये दुपारी चारनंतर उन्हाची तिरीप बरोबर प्लेटच्या उजव्या कडेवर यायची आणि माप रोज संध्याकाळी बदलायचं.

कॅमेरा चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. बॉडी तापते, लेन्स जिथे बसते तो माउंट किंचित पसरतो. गार कॅमेऱ्यावर केलेलं कॅलिब्रेशन तासाभराने जुळत नाही.

पट

आपण वापरणार ती पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली मांडली, आणि ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन तिच्यावरच उभं आहे. त्याआधी बहुधा अचूक घडवलेल्या त्रिमितीय वस्तू लागत. झांग यांनी दाखवलं की बुद्धिबळाच्या पटासारखा एक सपाट नमुना वेगवेगळ्या कोनांतून टिपला तरी पुरतं. त्यामुळे हे काम आमच्यासारख्या छोट्या शेडमध्येही करता येतं. पण या स्वस्ताईला एक अट आहे : पट सपाट हवा आणि घराचं माप तुम्हाला खरंखुरं माहीत हवं.

दोन पट करा. छोटा १५ मिमीच्या घरांचा, मोठा २० मिमीच्या घरांचा. दोन्हींत १० × ७ घरं, म्हणजे आतले कोपरे ९ × ६. एका बाजूला सम आणि दुसरीकडे विषम घरं असली की पट उलटा धरला तरी सॉफ्टवेअरचा गोंधळ होत नाही. भोवती किमान एका घराएवढी पांढरी पट्टी सोडा, ती नसेल तर कोपरे सापडणं अवघड जातं.

छापताना मी स्वतः खाल्लेला मार सांगतो. पहिला पट बाहेरून छापून आणला. प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" वर टिक होती, ती कुणी पाहिली नाही. १५ मिमीची नऊ घरं म्हणजे १३५ मिमी यायला हवी; तिथे १३०.९ आली होती. तीन टक्के कमी. मी कोडमध्ये मात्र निश्चिंतपणे १५ लिहिलं, आणि त्यानंतरचं प्रत्येक माप तीन टक्के मोठं येत राहिलं. तेव्हापासून छापलेला पट हातात आला की पहिल्यांदा व्हर्नियर लावतो. एक घर मोजायचं नाही; नऊ घरं मिळून मोजायची आणि नऊने भागायचं. आडवं वेगळं, उभं वेगळं, कारण प्रिंटर कागद ओढतो त्या दिशेला माप किंचित वेगळं येऊ शकतं. जे येईल तेच कोडमध्ये जायला हवं.

कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर दिवा चमकतो. तो ५ मिमीच्या काचेवर स्प्रे गमने चिकटवा, मधोमधून कडेकडे हात फिरवत, हवा राहू न देता. पुठ्ठ्यावर चिकटवू नका. बडोद्याच्या पावसाळ्यात पुठ्ठा दोन दिवसांत फुगतो, आणि अर्धा मिमीचा फुगवटा डोळ्याला दिसत नसला तरी आकड्यांत दिसतो. काच कापणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळतात, कडा मात्र घासून घ्या.

फोटो काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

छोटा पट घ्या. वीस-पंचवीस फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत पूर्ण पट दिसला पाहिजे, तो चित्राच्या निम्म्याहून जास्त भागात असला पाहिजे, आणि सगळे फोटो मिळून चित्राचा प्रत्येक कोपरा झाकला गेला पाहिजे. लेन्सची वक्रता, म्हणजे सरळ रेघ चित्रात वाकडी दिसणं, कोपऱ्यांत सर्वांत जास्त असते; तिथे पट कधी गेलाच नाही तर तिथली वक्रता सॉफ्टवेअर केवळ अंदाजाने भरतं.

आणि पट तिरका धरायचा. कधी डावीकडे कलता, कधी उजवीकडे, कधी पुढे, कधी मागे, वरची कड फोकसमध्ये राहील इतपत, १५-२० अंश. मुलं हे टाळतात, कारण सरळ पट सुबक दिसतो आणि कोपरे पटकन सापडतात. पण पट कायम कॅमेऱ्याला समांतर राहिला तर सॉफ्टवेअरला फोकल लेंग्थ आणि अंतर वेगळं करताच येत नाही. दिसतंय ते जवळचं टेकाड आहे की लांबचा पावागड, हे एका जागी उभं राहून नुसत्या आकारावरून सांगता येत नाही, तसंच हे. तिरप्या पटाची जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. त्या फरकातूनच फोकल लेंग्थ सापडते.

गेल्या वर्षी एका मुलाने पंधरा फोटो काढले, सगळे समांतर. सॉफ्टवेअरने चूक, म्हणजे हिशोबाने कोपरा जिथे यायला हवा आणि फोटोत जिथे दिसतो त्यातला फरक, दाखवली ०.१२ पिक्सेल. तो खूश. मी त्याला कागदावरचा ३५६० दाखवला. त्याच्या निकालात फोकल लेंग्थ ३९०० च्या पुढे होती. आकडा लहान आला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नसतं हे त्याला तिथे पटलं. दुसऱ्यांदा तिरपे फोटो काढल्यावर चूक थोडी वाढून ०.१९ झाली, पण फोकल लेंग्थ ३५७० वर आली. हे दुसरं कॅलिब्रेशन आम्ही ठेवलं.

पट हातात धरून फोटो काढू नका, हात कापतो. काचेच्या एका कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवा, फोटो घ्या, ठोकळा दुसऱ्या कडेला न्या. पट तिरका केल्यावर त्याची वरची कड कॅमेऱ्याकडे येते, ती ४५५ मिमीच्या आत शिरली तर धूसर होईल; तसा फोटो टाकून द्या.

आकडे काढणं

संगणकावरचं काम त्या मानाने छोटं आहे. ओपनसीव्हीत फाइंड-चेसबोर्ड-कॉर्नर्स हे फंक्शन कोपरे शोधतं, कॉर्नर-सबपिक्स ते पिक्सेलच्या अंशापर्यंत नेमके करतं. त्याची शोधखिडकी घरापेक्षा लहान ठेवा, नाहीतर ते शेजारच्या कोपऱ्याकडे ओढलं जातं. मग कॅलिब्रेट-कॅमेरा. त्याला दोन याद्या द्यायच्या : पटावरच्या कोपऱ्यांची मिमीतली स्थानं (तुम्ही व्हर्नियरने काढलेल्या घराच्या मापाने) आणि प्रत्येक फोटोतली त्यांची पिक्सेलमधली स्थानं.

तिथून काय मिळतं? आडवी आणि उभी फोकल लेंग्थ; पिक्सेल चौरस असल्याने दोन्ही जवळजवळ सारखी यायला हवीत. चित्राचा प्रकाशीय मध्य. आपल्या कॅमेऱ्यात ७२० आणि ५४० च्या जवळपास, काही दहा पिक्सेल इकडेतिकडे चालतं. आणि लेन्सच्या वक्रतेचे पाच गुणांक. यातला शेवटचा, के ३, मोठ्या कोनाच्या लेन्सला उपयोगी असतो. १२ मिमीच्या साध्या लेन्सला तो मोकळा सोडला तर कोपऱ्यांत सैरावैरा धावतो, म्हणून मी तो शून्यावर बांधून ठेवतो. ओपनसीव्हीत त्यासाठी फिक्स-के-३ चा पर्याय आहे.

सरासरी चूक, ज्याला रीप्रोजेक्शन एरर म्हणतात, ०.१ ते ०.३ पिक्सेल असली की ठीक. अर्ध्या पिक्सेलच्या वर गेली तर प्रत्येक फोटोची चूक वेगळी काढून पाहा. बहुधा एक-दोन धूसर फोटोच सगळं बिघडवत असतात. ते काढा आणि परत चालवा. मात्र चूक कमी दिसावी म्हणून तिरपे फोटो वेचून काढू नका. तेच सगळ्यात कामाचे आहेत.

मोजायची पातळी

इथपर्यंत कॅमेरा आतून कसा आहे ते कळलं. पण एका कॅमेऱ्याला वस्तू किती लांब आहे ते कळत नाही, ते आपण सांगायचं असतं. आपलं सांगणं असं : "मी जे मोजणार ते सगळं याच पातळीवर आहे." ही पातळी दाखवायला मोठा पट.

आमचा पहिला सेटअप जुळवला तेव्हा मी मोठ्या पटाचा कागद टेबलावर पसरला, फोटो घेतला आणि काम झालं म्हणून प्लेट ठेवली. १२० च्या जागी १२१.४६. पुन्हा ठेवली, १२१.४५. दोन दिवस मी कोड तपासत होतो. एका ओळीत चूक नाही. तिसऱ्या दिवशी आमचे फिटर काका चहा घेऊन आले, मॉनिटरकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, पट कुठे ठेवला होतास?"

"टेबलावर, काका."

"आणि भोकाची कड कुठे आहे?"

त्यांनी बोटाच्या पेराने प्लेटची जाडी दाखवली. ६ मिमी. प्लेटची वरची कड कॅमेऱ्याच्या ६ मिमी जवळ होती, ५०० नव्हे तर ४९४ वर. १२० ला ५०० ने गुणा आणि ४९४ ने भागा : १२१.४६. दोन दिवस कोडमध्ये शोधत होतो ती चूक प्लेटच्या जाडीत होती. पट्टी ठेवून भागाकार करण्याची पद्धतही इथेच फसते.

म्हणून पटाचा चेहरा आणि मोजायची कड एकाच उंचीवर आणा. आपली काच ५ मिमीची, प्लेट ६ ची. काचेखाली १ मिमीची शिम (उंची जुळवायची पातळ पत्री) तीन ठिकाणी द्या. मग एक फोटो, सरळ, पट चित्रभर. कोपरे शोधा, ते अनडिस्टॉर्ट-पॉइंट्स मधून नेऊन लेन्सची वक्रता काढा, आणि फाइंड-होमोग्राफी वापरून त्या बिंदूंचं पटावरच्या मिमीशी नातं जुळवा. या नऊ आकड्यांच्या सारणीतून कुठलाही पिक्सेल थेट मिमीत जातो. कॅमेरा किंचित कलता असेल तर तो कलही यातच धुतला जातो, म्हणून कॅमेरा अगदी ओळंब्यात आणायला तास घालवू नका.

मोठ्या पटाचे आतले कोपरे १६० × १०० मिमीत पसरलेले आहेत आणि आपली भोकं १२० × ७० मध्ये, त्यांच्या आत. हे मुद्दाम तसं ठेवलंय. कोपऱ्यांच्या बाहेर मोजायला गेलात तर ती फक्त पुढे ताणलेली रेघ असते.

जॉबची जाडी बदलली की पातळी बदलली. ८ मिमीची प्लेट आली तर शिम ३ मिमीची आणि सारणी नवी. लेन्सचं आतलं कॅलिब्रेशन मात्र तेच चालतं. ज्यांचे जॉब रोज वेगळ्या जाडीचे आहेत त्यांनी टेलिसेंट्रिक लेन्सचा विचार करावा. तिच्यात वस्तू थोडी जवळ-दूर झाली तरी आकार बदलत नाही. पण तिचा पुढचा काचभाग मोजायच्या क्षेत्राहून मोठा लागतो, त्यामुळे २०० मिमीच्या क्षेत्रासाठी ती फार मोठी, जड आणि महाग होते.

भोकाची कोणती कड?

भोकं म्हटली की सगळे खालून उजेड देतात, कारण कड काळी-पांढरी सुरेख दिसते. जाड प्लेटला हे धोक्याचं आहे. भोक कॅमेऱ्याच्या बरोबर खाली नसेल तर कॅमेरा त्यात तिरका डोकावतो. एका बाजूला वरची कड दिसते, दुसऱ्या बाजूला खालची. मध्यापासून ६० मिमीवरच्या भोकात खालची कड सुमारे ०.७ मिमी आत सरकलेली दिसते आणि उजेडाचा ठिपका गोल न राहता किंचित लिंबासारखा होतो. त्याचं केंद्र काढलं की प्रत्येक बाजूने ०.३५ कमी, म्हणजे १२० च्या जागी ११९.३. कॅलिब्रेशन निर्दोष असूनही.

यावर उपाय म्हणजे वरून, पसरट उजेड द्यायचा आणि फक्त वरची कड पकडायची. भोकाला चॅम्फर (कडेची तिरपी छाट) असेल तर वर दोन वर्तुळं दिसतात, त्यातलं कोणतं मोजायचं ते ड्रॉइंग बघून आधी ठरवा. आणि केंद्र काढताना क्रम पाळा : कडेचे बिंदू आधी मिमीत न्या, मग त्यांच्यातून वर्तुळ बसवा. चित्रातच वर्तुळ बसवून केंद्र मिमीत नेलं तर तिरप्या दृष्टीमुळे ते थोडं हुकतं.

खरं की खोटं

आता तपासणी. ही गाळणाऱ्याने कॅलिब्रेशन केलं असं मी मानत नाही.

ज्या पटाने कॅलिब्रेट केलं त्याच पटावर तपासू नका. तो स्वतःशी जुळणारच. पट तीन टक्के लहान असेल तर तो बेधडक तीन टक्के खोटी साक्ष देईल. एक चांगला जॉब घ्या, सीएमएम (जागोजागचे बिंदू अचूक टिपून माप काढणारं मशीन) असलेल्या कुणाकडून त्याच्या चारही भोकांची मापं काढून घ्या, त्यावर पंचने खूण करा. हा तुमचा मास्टर. स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे स्टीलचे ठोकळे, असतील तर व्हर्नियरही त्यांच्यावर तपासून घ्या. स्वीडनच्या योहान्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्लिप गेज काढले, आणि आजही टूलरूममधल्या मापांचा आधार तेच आहेत.

मास्टर पाच जागी ठेवा : मधोमध, मग चारही दिशांना जितका सरकेल तितका. मग ९० अंश फिरवून ७० चं माप लांबीच्या दिशेने घ्या. प्रत्येक जागी दहा वाचनं, प्रत्येक वेळी प्लेट उचलून परत ठेवत. वही काढा आणि लिहा. एकाच जागी वाचनं एकमेकांत फिरत असतील तर दोष उजेडाचा, थरथरीचा किंवा कड पकडण्याचा. वाचनं ठाम असून सगळीकडे सारखीच चुकत असतील तर दोष पटाच्या मापाचा किंवा उंचीचा. मधोमध बरोबर आणि कडेला चुकत असेल तर लेन्सची वक्रता नीट निघालेली नाही. परत फोटो काढा आणि पट कोपऱ्यांत न्या. या तीन वाक्यांनी माझा जितका वेळ वाचवलाय तितका कुठल्याही सॉफ्टवेअरने नाही.

मास्टर मशीनजवळच ठेवा, एसीच्या खोलीत नाही. मापांचं प्रमाण तापमान २० अंश. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ४२ असतं. तेवढ्या फरकाने १२० मिमीचं लोखंड ०.०३ मिमी वाढतं, आणि आपलं लक्ष्य ०.०४ चं आहे. पण मास्टर आणि जॉब दोन्ही लोखंडाचे, दोन्ही सारखे तापलेले असले तर दोघं सारखेच वाढतात आणि तुलना खरी राहते.

उंचीही मोजायची असेल तर

दोन कॅमेरे शेजारी लावून खोली मोजता येते. दोघांचं आतलं कॅलिब्रेशन आधी वेगळं वेगळं करा, मग दोघांना एकाच वेळी दिसणाऱ्या पटाचे वीसेक जोडफोटो घेऊन स्टेरिओ-कॅलिब्रेट चालवा. त्यातून एका कॅमेऱ्याच्या मानाने दुसरा कुठे आणि किती वळलेला आहे ते मिळतं. दोघांचे शटर एकाच ट्रिगरवर हवेत.

खोलीचा हिशोब सोपा : फोकल लेंग्थ (पिक्सेलमध्ये) गुणिले दोन कॅमेऱ्यांतलं अंतर, भागिले दोन चित्रांतल्या त्याच बिंदूचा सरकाव. ३४७८ ची फोकल लेंग्थ, कॅमेऱ्यांत १०० मिमी आणि वस्तू १ मीटरवर असेल तर सरकाव ३४८ पिक्सेल. त्यात पाव पिक्सेलची चूक झाली तर खोली ०.७ मिमीने चुकते. वस्तू २ मीटरवर गेली की तीच पाव पिक्सेल २.९ मिमी खाते, कारण चूक अंतराच्या वर्गाने वाढते. तेव्हा स्टेरिओ घेण्याआधी हा हिशोब करा, आणि आकडा पटला नाही तर कॅमेरे आणखी लांब लावा किंवा वस्तू जवळ आणा. दोन्ही कॅमेरे एकाच जाड पट्टीवर आवळलेले हवेत. त्यातला एक केसभर वळला तरी सगळं परत.

रोजची सकाळ

आमच्याकडे आठ वाजता मशीन चालू होतं, साडेआठला मास्टर कॅमेऱ्याखाली जातो. एक वाचन, वहीत तारखेसमोर. फरक ०.०४ मिमीच्या आत असेल तर काम सुरू. बाहेर गेलं तर लगेच कॅलिब्रेशन करायला धावत नाही. आधी लेन्सवरचा लाल ठिपका पाहायचा. मग स्टॉप कॉलर. मग लेन्सची काच मऊ कापडाने पुसायची, कटिंग ऑइलचा बारीक थर तिथे साचतो. मग प्लेटच्या खाली लोखंडाचा कीस अडकलाय का ते बोटाने चाचपायचं; प्लेटखाली अर्ध्या मिमीचा कीस असला की माप ०.१ मिमीने वाढलेलं दिसतं. बहुतेक दिवशी काम एवढ्यावरच मिटतं. नाही मिटलं तर मोठा पट कपाटातून काढायचा, १ मिमीच्या तीन शिम शोधायच्या, आणि पातळीपासून परत सुरुवात करायची.